फॉल्कर्कची घोड्याची मुंडकी आणि आमच्या फाट्यावरचा घोडा : एक प्रकरण अभ्यास

प्रकरण काय आहे ते आधी सांगतो.

आमचं गाव तापीकाठी, शहादा-दोंडाईचा पट्ट्यात, सारंगखेडा तिथून जवळच. गावातल्या काही उत्साही मंडळींनी समिती करून ठरवलं की फाट्यावर घोड्याचं मोठं शिल्प उभारायचं, यात्रेला जाणारी गर्दी तिथूनच वळते, लोक थांबतील, फोटो काढतील, चार टपऱ्या चालतील. आणि शिल्प कसं पाहिजे तर स्कॉटलंडमधल्या फॉल्कर्कच्या त्या घोड्याच्या दोन स्टीलच्या मुंडक्यांसारखं. ते फोटो गावात पोहोचले ते माझ्याच मोबाईलमधून. भाच्याच्या पदवीदानाला आम्ही घरचे सगळे एडिनबरोला गेलो होतो, आबा, ताई, दाजी, मी, बायको, आणि तिकडून मी ग्रुपवर फोटो टाकले तर खाली लगेच "आपल्याकडे का नाही?" सुरू झालं. मी धुळ्याला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवतो, शेड, गेट, ट्रॉल्या, टाकीचे स्टँड असली कामं, म्हणून एस्टिमेट माझ्या गळ्यात पडलं. पुढे लिहिलंय ते त्या एस्टिमेटच्या निमित्ताने झालेला विचार, भांडणं आणि आकडेमोड. कोणाच्या गावात असंच काही शिजत असेल तर कामाला येईल.

आबा आणि घोडा

आबा म्हणजे माझे वडील. शेती आहे, पण जन्म गेला घोड्यांत. सारंगखेड्याची एकमुखी दत्ताची यात्रा मार्गशीर्षात दत्तजयंतीला भरते आणि तिथला घोडेबाजार तीनशे वर्षांचा तरी आहे असं जुनी माणसं सांगतात. मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडचे पांढरे नुकरे, राजस्थान, गुजरात, उत्तर प्रदेशातून व्यापारी तळ ठोकून असतात. आबा कोवळ्या वयापासून तिथे आजोबांबरोबर जायचे आणि अजूनही कोणाला घोडा घ्यायचा असला की त्यांना गाडीत घालून नेतात.

त्यांची घोडा बघायची पद्धत ठरलेली. आधी लांब उभं राहायचं, जवळ जायचंच नाही. मान छातीतून कशी निघते, पाठीची रेघ कशी जाते ते बघायचं. मग मालकाला म्हणायचं चालवून दाखव. मग जवळ जाऊन दात, खूर, डोळे. शेवटी भोवरे, म्हणजे केस गोल फिरलेले असतात ना ते, गळ्यावरचा देवमण असला तर भाव वर, नको त्या जागी भोवरा असला तर उमदा घोडाही पडून राहतो. भावाचा आकडा तोंडाने बोलायचा नाही, उपरण्याखाली हात घालून बोटं दाबायची.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय की पुतळा बिघडलाय की जमलाय हे आमच्या भागात ठरवणारी माणसं ही अशी आहेत. शहरातल्या चौकात घोड्याचा पाय चुकला तरी कोणाला कळत नाही, इथे यात्रेतला पहिला माणूस उभा राहून सांगेल की हे गाढव आहे. समितीतल्या निम्म्या लोकांना हे सुरुवातीला समजतच नव्हतं, त्यांचं सगळं लक्ष उंचीवर.

फॉल्कर्कला काय पाहिलं

फॉल्कर्क हे एडिनबरो आणि ग्लासगोच्या मधलं शहर. भाच्याने गाडी भाड्याने घेतली होती, आम्ही एम-९ मोटरवेने निघालो आणि त्याने काही सांगितलंच नव्हतं, म्हणजे मुद्दामच. रस्त्याच्या कडेला सपाट जमीन, मधेच विजेचे टॉवर, लांब ग्रेंजमथची रिफायनरी दिसत होती, एकूण बघण्यासारखं काही नाही, आणि त्यातून एकदम दोन चकाकणारी मुंडकी वर आली. एक खाली बघतंय, दुसऱ्याने मान वर फेकलीय. गाडीत सगळे एकदम गप्प आणि मग सगळे एकदम बोलायला लागले.

त्यांना 'द केल्पीज' म्हणतात. केल्पी म्हणजे तिकडच्या लोककथेतला पाण्यातला घोडा, रूप बदलतो, काठावर गरीबासारखा उभा राहतो आणि पाठीवर कोणी बसलं की घेऊन पाण्यात जातो. ताई म्हणाली हे तर आपल्या डोहातल्या आसरांसारखंच झालं की. पण शिल्पकार अँडी स्कॉट, तो ग्लासगोचा, त्याने नाव कथेतलं घेतलं आणि घोडा मात्र कामाचा घेतला. क्लाईड्सडेल जातीचा, जड, केसाळ पायांचा, स्कॉटलंडच्याच क्लाईड नदीच्या खोऱ्यातला. पूर्वी कालव्यातल्या मालाच्या बोटी हेच घोडे काठाने चालत दोराने ओढायचे, नांगर ओढायचे, कारखान्यांच्या गाड्या ओढायचे. शिल्पाच्या मधून जातो तो फोर्थ अँड क्लाईड कालवा १७९० साली पूर्ण झाला, १९६३ ला बंद पडला, २००१ ला परत चालू केला, आणि मुंडकी त्याच कालव्याच्या नव्या वाढवलेल्या तोंडाशी, लॉकच्या, म्हणजे पाणी अडवून बोट वर-खाली करायच्या दरवाजांच्या, दोन बाजूंना उभी आहेत. बोट समुद्राकडून आत येते तेव्हा दोन घोड्यांच्या मधून येते.

आबा पार्किंगमध्ये उतरले आणि नेहमीप्रमाणे लांबच थांबले. आम्ही पुढे, ते मागे. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो आमच्या समितीतल्या प्रत्येकाने नंतर विचारला.

"यानं धड कोठे शे?"

भाचा म्हणाला, आजोबा, धड नाहीच आहे, एवढंच आहे. आबांनी काहीच उत्तर दिलं नाही. कालव्याच्या कडेकडेने चालत गेले, एका मुंडक्याला फेरी मारली, मग दुसऱ्याला. मग परत लांब जाऊन उभे. आम्ही तोवर आईस्क्रीम खाऊन झालो. परत आले तेव्हा म्हणाले, "हाऊ ओढाना घोडा शे, बसाना नही." म्हणजे हा ओढायचा घोडा आहे, बसायचा नाही.

त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. क्लाईड्सडेल वगैरे गोष्टी भाचा माझ्याशी बोलत होता ते त्यांच्या कानावर गेलंच नव्हतं. मी विचारलं कशावरून, तर म्हणाले मान बघ, बुडाशी केवढी रुंद आहे, जबडा बघ, कपाळ बघ, आपला मारवाडी असता तर कान आत वळून टोकं एकमेकांना टेकली असती. मग भाच्याने वाचून दाखवलं की ड्यूक आणि बॅरन नावाच्या दोन खऱ्या घोड्यांवरून हे केलंय, ग्लासगोच्या पोलॉक पार्कातले. आबा म्हणाले, "मंग बराबर शे."

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली कळीची गोष्ट ही आहे. धड नसलेला घोडा, तोही स्टीलच्या पत्र्यांचा, मधे फटी ठेवलेला, आणि एका परक्या देशातल्या म्हाताऱ्या घोडेवाल्याला तो लांबून बघून कोणत्या कामाचा घोडा आहे ते कळतं. तिकडच्या काही कला समीक्षकांनी या शिल्पावर नाकं मुरडली होती, फार सोपं आहे, पर्यटकांसाठीचं आहे म्हणून. मुरडोत. आबांच्या परीक्षेत पास होणं मला त्याहून अवघड वाटतं.

धड का नाही याचं माझं उत्तर फॅब्रिकेटरचं आहे. एकेक मुंडकं ३० मीटर उंच आहे. याच मापाने आख्खा घोडा केला असता तर पन्नास मीटरच्या पुढे गेला असता आणि खाली उभं राहणाऱ्याला फक्त पोट दिसलं असतं. आणि मोटरवेवरून गाडी ताशी ११० ने जाते, बघायला काही सेकंद मिळतात, तेवढ्यात काय लक्षात राहील तर डोकं आणि मान. आबांचं उत्तर वेगळं. ते म्हणतात सौदा मानेवरच होतो, बाकीचं नंतर भांडायला असतं.

आतला सांगाडा

तिकीट काढून एका मुंडक्याच्या आत जाता येतं, मी गेलो, दाजींना ओढून नेलं. बाहेरून जे नाजूक दिसतं ते आत पाईपांचं जंगल आहे. जाड पाईपचा मुख्य सांगाडा, त्याला दुसऱ्या पाईपच्या फांद्या, फांद्यांना ब्रॅकेट, आणि ब्रॅकेटवर स्टेनलेसचे पत्रे. दोन्ही मिळून ९२८ पत्रे आहेत. गाईड बाई घोड्याच्या गोष्टी सांगत होती आणि मी वेल्ड बघत होतो. प्रत्येक मुंडक्याचं वजन ३०० टन. खाली प्रत्येकासाठी १२०० टन सळई-काँक्रीटचा पाया. हा आकडा मी तिथेच मोबाईलमध्ये लिहून घेतला कारण तो ऐकून माझं डोकं चालायला लागलं. वर ३००, खाली १२००, म्हणजे जे दिसतं त्याच्या चौपट जमिनीत.

काम कसं केलं तेही बघण्यासारखं आहे. स्कॉटने आधी हाताने १:१० मापाचे नमुने केले, म्हणजे नमुनेसुद्धा ३ मीटर उंच. ते लेझरने स्कॅन केले, त्यावरून कॉम्प्युटरवर सांगाडा बसवला, मग यॉर्कशायरच्या एसएच स्ट्रक्चर्स कंपनीने भाग बनवून आणले आणि २०१३ च्या जून ते ऑक्टोबरमध्ये जागेवर उभे केले. एप्रिल २०१४ ला लोकांसाठी खुलं. जागेवरचं काम चटकन झालं म्हणून आमच्या समितीतला एक जण खूश झाला, "बघा, चार-पाच महिन्यांत होतं." अरे पण स्कॉट त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून त्याच्या मागे होता, तो काळ कोण मोजणार.

आणि पैसे. दोन मुंडक्यांचा खर्च साधारण ५० लाख पौंड. पण ज्या हेलिक्स पार्कमध्ये ती उभी आहेत तो सगळा प्रकल्प ४ कोटी ३० लाख पौंडांचा, त्यातले अडीच कोटी लॉटरीच्या निधीतून आले. म्हणजे शिल्प आठवा-नववा हिस्सा. बाकी पैसा कालवा वाढवणं, लॉक, पायवाटा, सायकलचे रस्ते, तळं, पार्किंग, खेळायची जागा यात गेला. हे मी समितीला सांगितलं तेव्हा कोणाला पटलं नाही. ताईने एका वाक्यात पटवलं. ती म्हणाली तिथे बायकांसाठी स्वच्छ संडास होते म्हणून आपण एवढा वेळ थांबलो, नाहीतर मी फोटो काढून पंधरा मिनिटांत गाडीत बसले असते. यात्रेला येणाऱ्या बायकांना विचारून बघा फाट्यावर पहिलं काय पाहिजे, घोडा की संडास.

एस्टिमेट

समितीची मागणी होती ३० फुटी मुंडकं, एकच, स्टेनलेसचं, बंद पत्र्याचं, "तिकडच्यासारखं". मी कागदावर घेतलं.

३० फूट म्हणजे ९ मीटर. बाजूने बघितलं तर सरासरी ४ मीटर रुंद धरा, ३६ चौरस मीटरचं पान वाऱ्याला उभं. वाऱ्याचा हिशोब आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागातून करतात, त्यात नाशिकसाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिलाय, मी तोच घेतला, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. दाब म्हणजे ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, ते येतं चौरस मीटरला ९१२ न्यूटन, आपल्या भाषेत ९३ किलो. ३६ ने गुणलं की ३३०० किलोचा आडवा धक्का. हा ढोबळ आकडा आहे, आकाराचा गुणांक, म्हणजे आकारानुसार धक्का कमी-जास्त करणारा आकडा, वगैरे डिझाईनवाला इंजिनिअर नंतर लावेलच. आता हा धक्का जमिनीपासून साधारण ६ मीटरवर बसतो कारण खाली चौथरा आहे, म्हणजे धक्का गुणिले उंची, २० टन-मीटरने ते उलटायला बघतंय. दीडपट सुरक्षितता धरली तर ३ मीटर बाय ३ मीटर बाय १ मीटरचा ठोकळा लागतो, तो भरतो साडेएकवीस टन. वरचं मुंडकं सांगाड्यासकट पाच-सहा टनांचं. परत तेच प्रमाण, वर एक तर खाली चार. आकडा जुळला तेव्हा मला फार बरं वाटलं, समितीला अजिबात नाही.

त्यात आपली जमीन. तापीकाठची काळी माती, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या मातीवर ठोकळा नुसता ठेवला तर दोन पावसाळ्यांत घोडा शेजारच्या शेतात बघायला लागेल. खाली मुरूम लागेपर्यंत खणावं लागणार, आमच्याकडे तो कुठे आठ फुटांवर लागतो कुठे पंधरावर लागतच नाही.

मग ऊन. स्टेनलेस तापल्यावर वाढतं, मीटरला एका अंशामागे १७ मायक्रॉन. डिसेंबरच्या पहाटे पत्रा ८-१० अंशांवर आणि मे महिन्यात दुपारी साठीला, ५० अंशांचा फरक धरा, ९ मीटरला साडेसात मिलिमीटर. सगळे पत्रे एकमेकांना सलग वेल्ड केले तर हा फरक कुठेतरी बाहेर निघणार, वेल्ड फाटणार किंवा पत्रा फुगणार. फॉल्कर्कला पत्रे सुटे आहेत आणि मधे फटी आहेत, रात्री आतले दिवे लावले की उजेड त्याच फटीतून बाहेर येतो. समितीला वाटलं ती फक्त डिझाईन आहे. आणि पत्र्याचं वजन म्हणाल तर ३ मिलिमीटर स्टेनलेस चौरस मीटरला २४ किलो, शंभर चौरस मीटर लागला तर नुसता पत्राच अडीच टन, प्रत्येक पत्रा दोन्ही दिशांनी वाकवलेला, वेगळ्या मापाचा. हे काम माझ्या वर्कशॉपमध्ये होत नाही, मी तसं स्पष्ट लिहून दिलं.

दरम्यान एकाने फायबरवाल्याचं कोटेशन आणलं. पांढरा घोडा, मागच्या दोन पायांवर उभा, सोनेरी लगाम, आठ दिवसांत डिलिव्हरी. स्वस्त होता, म्हणजे फारच स्वस्त. आबांनी फोटो डोळ्यापासून लांब धरून पाहिला आणि म्हणाले सर्कशीतला आहे. फायबरचं खरं दुखणं मात्र वेगळं, वरचा जेलकोट आपल्या उन्हात काही वर्षांत पावडर सुटल्यासारखा होतो, बारीक तडे जातात, मग कोणीतरी ऑईलपेंट मारतं, मग दरवर्षी मारतं. असे घोडे, वाघ, हत्ती लॉनवाल्यांच्या गेटवर सगळ्यांनी पाहिलेत.

फाटाच बाद

या टप्प्यावर एक वकील दादा मिटिंगला आले आणि त्यांनी सगळ्यांची हवाच काढली. जानेवारी २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्यांना आदेश दिलाय की सार्वजनिक रस्ते, फूटपाथ, रस्त्याच्या कडा आणि लोकांच्या वापराच्या अशा जागांवर पुतळे किंवा बांधकामांना परवानगी द्यायची नाही. फाट्याच्या मधोमध जे गोल बेट आहे, जिथे सगळ्यांच्या डोक्यात घोडा उभा होता, ती जागा गेली. कडेचा पट्टाही रस्त्याच्या हद्दीत.

थोडा वेळ लोक तापले, अमक्या गावात आहे मग आम्हालाच का, वगैरे. पण मला यात फायदाच दिसला. केल्पीज मोटरवेवर नाहीत, मोटरवेवरून दिसतात. दोन्हीत फरक आहे. वळणावर गाड्या, ट्रॅक्टर, उसाच्या बैलगाड्या, त्यात कोणी सेल्फीला उभं राहणार आणि तेही बेटावर, म्हणजे अपघाताला आमंत्रणच. गावठाणातली एक जागा रस्त्यापासून आत आहे, थोडी उंचावर, तिथून घोडा दोन्ही रस्त्यांवरून दिसतो आणि थांबणाऱ्याची गाडी आत येते. ती जागा मग चर्चेत आली.

एम-८ वरचा दुसरा घोडा

आता जे सांगतो ते फोटोंमध्ये नव्हतं म्हणून गावाला माहीतच नव्हतं. फॉल्कर्कनंतर आम्ही एडिनबरोहून ग्लासगोला बसने गेलो, एम-८ मोटरवेने. ग्लासगो जवळ आलं तसं ईस्टरहाऊस भागात रस्त्याच्या कडेला टेकाडावर एक घोडा दिसला, राखाडी, आख्खा, चार पायांवर, आणि त्याच्या आरपार आभाळ दिसत होतं. बस निघून गेली, फोटो नाही मिळाला. भाच्याने शोधलं तर तोही अँडी स्कॉटचाच, 'हेवी हॉर्स', १९९७ चा, म्हणजे केल्पीजच्या कितीतरी आधीचा. उंची साडेचार मीटर. स्टीलच्या बारचे तुकडे एकमेकांना वेल्ड करून घोड्याचा आकार भरलाय आणि वरून गॅल्व्हनाइझ केलंय, म्हणजे गंजू नये म्हणून जस्ताचा थर दिलाय. घोडा तोच, क्लाईड्सडेल.

मी समितीला सांगितलं की तुम्हाला स्कॉटलंडचंच पाहिजे ना, मग हा घ्या. साडेचार मीटर म्हणजे १५ फूट. पत्रा नाही, वाकवायचं प्रेस नाही, बार आणि वेल्डिंग, जे माझी पोरं रोज करतात. वारा आरपार जातो. बाजूने बघितलं तर निम्म्याहून जास्त जागा मोकळी, त्यामुळे धक्का एकदम खाली येतो, बारना स्वतःचा वेगळा गुणांक लागतो तरीसुद्धा. पाया लहान होतो, म्हणजे काळ्या मातीशी भांडण कमी. तापून वाढायचं तर लहान लहान तुकडे आहेत, आपापल्यात जिरवतात. गॅल्व्हनाइझिंगसाठी वितळलेल्या जस्ताच्या टाकीत बुडवावं लागतं, साधारण ४५० अंशांवर, त्यामुळे टाकीत मावतील एवढे भाग करून न्यायचे आणि जागेवर बोल्टने जोडायचे, डोकं-मान एक, धड दोन भाग, पाय वेगळे. आणि बंद पाईप टाकीत बुडवला तर आतली हवा-पाणी तापून फुटतो, म्हणून पाईप वापरलाच तर भोकं ठेवायची. आमच्याकडच्या नवीन पोरांना हे शंभरदा सांगावं लागतं.

उंची अर्धी झाली म्हणून काहींचं तोंड पडलं. "स्कॉटलंडसारखं नाही वाटणार" असं एक जण दोन मिटिंगा म्हणत राहिला. आबा शेवटी त्याला म्हणाले, तिकडे कालवा होता, बोटी होत्या, ओढाचा घोडा होता म्हणून त्यांनी तो केला. तुझ्या गावात कोणता घोडा येतो ते सांग.

मग कोणता घोडा

यावर मात्र समिती नाही, सगळं गाव बोललं. नुकरा की मारवाडी? नुकरा लग्नाच्या वरातीतला, दिसायला देखणा. पण बारच्या शिल्पात रंग नाही, नुसती रेघ आहे, आणि रेघेत मारवाडी लगेच ओळखू येतो, कानांमुळे. कान ठरले. मान ठरली, उंच आणि मागे खेचलेली.

भांडण झालं पायांवरून आणि ते आबांचं आणि माझं झालं. आबांना घोडा रेवाल चालीत पाहिजे. रेवाल म्हणजे घोडा असा चालतो की वरच्या माणसाच्या हातातल्या कपातला चहा सांडत नाही, एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ बरोबरच पुढे पडतात. बाजारात किंमत याच चालीला. पण मग एका क्षणाला एका बाजूचे दोन पाय हवेत आणि सगळा भार दुसऱ्या बाजूच्या दोन पायांवर, आणि ते दोन पाय एका रेघेत. दोन टन माल एका रेघेवर उभा करायचा आणि आडवा वारा नेमका त्याच बाजूने. मी म्हणालो पोटाखाली एक खांब द्या. आबा म्हणाले खांबावरचा घोडा जत्रेतल्या पाळण्यात असतो.

मी एकच पुढचा पाय उचललेला काढून दाखवला. "हाऊ चाली नही ऱ्हायना, उभा शे," म्हणाले, आणि बरोबर होतं त्यांचं, तो नुसता खुराने माती उकरत होता. बरेच दिवस यावर गेले. शेवटी वर्कशॉपमधल्या एका पोराने सुचवलं की मागचा पाय पूर्ण उचलायचा नाही, खुराचं टोक टेकलेलं ठेवायचं, चालताना निघायच्या आधी असतं तसं. टोक चौथऱ्यातल्या प्लेटला बोल्टने धरलं की तीन ठिकाणी आधार मिळाला आणि बघणाऱ्याला चाल दिसते. आबांनी यात्रेतले दोन व्हिडिओ थांबवून थांबवून बघितले आणि मग हो म्हणाले, म्हणजे हो म्हणाले नाहीत, "बरं, कर" म्हणाले.

१:१० चा नमुना केला, दीड फुटाचा, ६ मिलिमीटरच्या बारचा. स्कॉटने नमुना आधी केला म्हणूनच आम्हीही केला, आणि त्याचा खरा उपयोग हिशोबाला कमी, भांडण मिटवायला जास्त झाला. कागदावर कोणालाच घोडा दिसत नव्हता. नमुना टेबलावर ठेवल्यावर ज्याला जे खटकतं ते तो बोट लावून दाखवतो. पाठ दोनदा बदलली. शेपूट आबांनी स्वतः पक्कड घेऊन वाकवली.

सध्या कुठे आलंय

गावठाणातल्या जागेचा ठराव ग्रामसभेत मंजूर झालाय. तीन ठिकाणी खड्डे घेऊन पाहिले, मुरूम साधारण नऊ फुटांवर लागला, म्हणजे चालण्यासारखं आहे. पायाचं डिझाईन इंजिनिअरकडून सही-शिक्क्याचं करून घेतलं. पुतळ्याच्या परवानगीचे कागद वर गेलेत, त्यावर काय होतंय ते बघू. एस्टिमेटमध्ये मी घोड्याच्या ओळीखाली संडास, पाण्याची टाकी आणि गाड्या लावायची मुरमाची जागा धरली, त्यामुळे एकूण रकमेत घोडा निम्म्याहून कमी झाला आणि त्यावरून एक मिटिंग पेटली, पण ताईच्या बचतगटातल्या बाया त्या दिवशी मुद्दाम आल्या होत्या, त्यामुळे ते वगळायची कोणाची हिंमत झाली नाही.

नाव कोणाचं लागणार यावरही वाद झाला, तो अजून आहे, त्यात मी पडत नाही.

आता गाडं अडलंय दिव्यांवर. रात्री खालून दोन फोकस मारायचे असं सगळ्यांनाच पाहिजे, मीटर कोणाच्या नावावर घ्यायचा आणि दर महिन्याचं बिल कोणी भरायचं हे मात्र कोणी बोलत नाही. मी सोलरचे दिवे सुचवलेत, समिती म्हणते सोलरची बॅटरी चोरीला जाते. पुढच्या मिटिंगला तोच विषय आहे.